दुसऱ्यांच्या निविदेतली बाई

सिर्का हेइकुराने आयुष्यात कधी कुणाविरुद्ध तक्रार केली नव्हती. शेजाऱ्याच्या कुत्र्याने तिचे हिवाळी बूट चावून चोथा केले, तेव्हा तिने उलट शेजाऱ्यालाच कॉफीला बोलावलं, का तर बिचारा फार ओशाळला होता. अशी ही बाई वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी सरकारी कार्यालयाविरुद्ध न्यायालयात गेली. तिला जायला लावणारी मी, त्यामुळे हे सांगायची जबाबदारीही माझीच.

मी एइला. फिनलंडच्या काइनू भागातल्या आमच्या छोट्या गावात, जुन्या सहकारी दुकानाच्या माडीवर आमची शाळा होती. मी तिथली कारकून. बाहेरच्या देशांतून येऊन गावात राहिलेल्या माणसांना आम्ही फिनिश शिकवायचो. सिर्काच्या वर्गात सगळ्यात अवघड मंडळी असायची. आपल्या स्वतःच्या भाषेतही ज्यांनी कधी अक्षर गिरवलं नव्हतं अशी. त्यांच्यासाठी तिने स्वतः एक वाचनपुस्तक लिहिलं होतं. बाकीच्या पुस्तकांत पहिल्या पानावर हंस असतो. सिर्का म्हणायची, "हंस घेऊन काय करतील ही माणसं? किल्ली हा शब्द शिकवू. बस शिकवू."

दर चार वर्षांनी विभागीय कार्यालय या वर्गांसाठी निविदा मागवायचं. तीन वेळा काम आम्हाला मिळालं होतं. चौथ्या वेळी अर्ज भरताना शिक्षकांच्या रकान्यात सिर्काने स्वतःबद्दल लिहिलं: 'अनुभवी शिक्षिका. काम नीट करते.'

"एवढंच?" मी विचारलं.

"मग काय, स्वतःचे ढोल स्वतःच पिटू?"

मे महिन्यात निकाल आला. काम हेलसिंकीच्या एका मोठ्या कंपनीला गेलं होतं. त्यांचा दर कमी होता, आणि शिक्षकांच्या अनुभवाला त्यांना वीसपैकी वीस गुण होते. आम्हाला अकरा.

"आपल्यापेक्षा चांगले शिक्षक येत असतील तर बरंच आहे की," सिर्का म्हणाली. मनापासून म्हणाली, हेच तर तिचं दुखणं. मला मात्र राहवेना. मी नियमाप्रमाणे कंपनीची निविदा बघायला मागितली.

कागद आले. नावं सगळी काळी केलेली. सिर्का वेलचीचा पाव खात पानं उलटत होती, ती एकदम थांबली.

"एइला, हे वाच जरा."

मी वाचलं: 'मुख्य शिक्षिका. एकतीस वर्षांचा अनुभव. तीन वर्षं टांझानियात अध्यापन. निरक्षर प्रौढांसाठी वाचनपुस्तकाची लेखिका.'

"अगं, ही तर तू!"

"मी आहे का?" तिने विचारलं. खरंच विचारलं, जणू मलाच जास्त माहिती असावी.

हळूहळू तिला आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला होता. एका शिबिरात भाषण द्याल का, थोडी माहिती पाठवा. सिर्काने पाठवली. शिबिर काही झालं नाही. माहिती तेवढी त्यांच्याकडे राहिली.

तिने कार्यालयात फोन लावला. निविदांचं काम वेसा नावाच्या अधिकाऱ्याकडे होतं. मी शेजारी बसून ऐकत होते.

"नावं सांगता येत नाहीत," वेसा म्हणाला. "व्यावसायिक गुपित आहे."

"माझं नाव माझ्यापासूनच गुपित?"

"तुमचं नाव आहे असं मी म्हटलेलं नाही."

"मग नाही असं म्हणा."

"तेही म्हणता येत नाही मला," तो म्हणाला. आवाजावरून माणूस वाईट वाटला नाही.

दाद मागायला चौदा दिवस होते. वकील नव्हता. सिर्काने अर्जाचा पहिला मसुदा चार ओळींत उरकला, मी तो फाडला आणि आम्ही दोघींनी मिळून सहा पानं लिहिली. बाराव्या दिवशी अर्ज गेला.

खटला चालू असेपर्यंत करार होऊ शकत नव्हता. म्हणजे कंपनीचे वर्ग नाहीत, आमचेही नाहीत. हे आम्हाला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ऑगस्टमध्ये जिन्यावर वह्या घेऊन उभी राहिलेली नऊ माणसं बघणं वेगळं. कार्यालयाने तात्पुरती सोय म्हणून घरोघरी टॅब्लेट दिले. पडद्यावर लिहिलेलं वाचून पुढचं बटण दाबायचं. ज्यांना वाचताच येत नाही त्यांनी!

सिर्काने आपल्या स्वयंपाकघरात शिकवायचं ठरवलं. पण हजेरी लागायची ती टॅब्लेटवर, दिवसभर, आणि हजेरी चुकली की सरकारकडून मिळणारा भत्ता कापला जायचा. त्यामुळे कुणी येऊ शकलं नाही.

झरमीना तेवढी एकदा आली. अफगाणिस्तानातली, पंचेचाळिशीची, वर्गात सगळ्यात पुढे बसणारी. उन्हाळ्यापर्यंत ती बसच्या पाट्या वाचायला लागली होती.

"बाई, वर्ग कधी?"

"न्यायालयाने निकाल दिला की."

"कुठे आहे ते न्यायालय? मी जाऊन सांगते त्यांना, लवकर करा म्हणून."

सिर्का हसली, मग तिला हसू आवरतं घ्यावं लागलं.

नोव्हेंबरमध्ये दुकानात झरमीना दुधाच्या फडताळासमोर दिसली. तिच्या हातात ताकाचा डबा होता. सिर्काने विचारलं, "काय लिहिलंय त्यावर?" झरमीनाने दोन अक्षरं लावली, तिसऱ्याला अडली, आणि तोंडावर हात ठेवून हसली.

"गेलं, बाई. सगळं गेलं."

गाडीत बसल्यावर सिर्काने किल्ली फिरवलीच नाही. "मी अर्ज मागे घेतला तर पंधरा दिवसांत वर्ग सुरू होतील," ती म्हणाली.

"आणि ते जिंकतील. तुझंच नाव चोरून!"

"जिंकू देत ना, एइला."

"सहा महिने काढलेस. आता थोडक्यासाठी सोडणार?"

तिने माझं ऐकलं. अजूनही तो दिवस आठवला की वाटतं, तेव्हा गप्प बसायला हवं होतं मी.

निकाल मार्चमध्ये आला. आठ पानं, भाषा अगदी सभ्य. निविदा जशी लिहून आली तशीच तपासायची असते. शिक्षक उपलब्ध असल्याचं कंपनीने सहीनिशी कळवलं होतं, त्याची शहानिशा करणं कार्यालयावर बंधनकारक नव्हतं. आणि ते गुण काढून टाकले तरी दर कमी असल्यामुळे पहिला क्रमांक कंपनीचाच राहिला असता. अर्ज फेटाळण्यात येत आहे.

"म्हणजे तू खोटी?" मी चिडून म्हणाले.

"नाही गं. मी खोटी आहे असं कुठेच लिहिलेलं नाही. फरक पडत नाही, एवढंच लिहिलंय." तिने पानं नीट जुळवली आणि पाकिटात परत घातली. वरच्या न्यायालयात जायचा विषय मी काढला. ती भांडी घासायला उठली.

आठवड्याभरात कंपनीतून फोन आला. तरुण बाई, आवाज गोड. तुमच्या भागासाठी अनुभवी शिक्षिका हवी आहे, तासांवर काम, जूनपर्यंत.

"तुमच्या निविदेत माझं नाव होतं का?" सिर्काने विचारलं.

"मी जानेवारीतच लागले हो इथे, मला काही कल्पना नाही. पण तुमच्याबद्दल खूप चांगलं ऐकलंय!"

सिर्काने होकार दिला. मी भडकले. इतकं झाल्यावर त्यांच्याच दारात? लोक काय म्हणतील? सिर्का म्हणाली, "इथे दुसरी कोण येणार आहे शिकवायला? तू सांग, मी नाही म्हणते."

आमची शाळा एप्रिलमध्ये बंद झाली. वर्गातले काळे फळे गावच्या पंचायतीने नेले, मी वाचनालयात लागले. नवा वर्ग अग्निशमन केंद्राच्या खोलीत भरला. पहिल्या दिवशी सिर्काने हजेरी घेतली तर नऊपैकी तिघे आले होते. दोघे दक्षिणेत कामाला गेले होते, काहींनी नाद सोडला होता. झरमीना जानेवारीतच मुलीकडे टाम्पेरेला राहायला गेली होती, आणि तिथे तिला कुठल्या वर्गात घेतलं की नाही, हे कार्यालयात कुणालाच सांगता आलं नाही.