चैत्रगौरीचं काळं सरबत

सासूबाईंना साखर निघाली त्या वर्षी आमच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं, आणि पुढे ते बंदच पडलं.

त्याआधी ते कधी चुकलं नव्हतं. आदिलाबादजवळ मावल्याला घर बांधून आम्ही राहायला आलो तेव्हा आजूबाजूला मोकळे प्लॉटच जास्त होते. कॉलनीतल्या बायकांशी ओळखी झाल्या त्या या हळदीकुंकवानंच. सासूबाईंचं माहेर मुधोळचं. आंब्याची डाळ त्या छान करायच्या, पण नाव होतं ते त्यांच्या लिंबाच्या सरबताचं. आदिलाबादच्या उन्हातून आलेली बाई दोन पेले प्यायल्याशिवाय उठायची नाही, आणि तिनं तिसरा मागितला की सासूबाईंचा चेहरा असा काही खुलायचा की बघत राहावं.

त्या वर्षी मात्र साखर नुकतीच निघाली होती. सगळ्यांना देऊन झाल्यावर दमलेल्या सासूबाईंनी स्वतःसाठी अर्धा पेला हातात घेतला. घोटभरच घेणार होत्या. तेवढ्यात समोरच्या घरातल्या काकू मोठ्यानं म्हणाल्या, "अवं, थांबा थांबा! त्यायच्या हातातला पेला काढून घ्या कोणी. साखर हाय न वयनीले!"

काकूंच्या मनात काळजीच असेल. पण खोलीतल्या सगळ्या बायका एकदम वळून बघायला लागल्या. "अगं बाई, कवा निघाली?" "आता गोडाचं सुटलंच म्हणायचं." "काही खरं नाई बाई." सासूबाईंनी पेला खाली ठेवला आणि त्या आत स्वयंपाकघरात गेल्या, त्या बायका जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या चैत्रात त्यांनी गौर झोपाळ्यात बसवली, नैवेद्य दाखवला आणि मला सांगितलं, "यंदा कोणाले बोलवायचं नाई."

"काऊन आई?"

"जे मले पेता येत नाई, थे लोकांले काऊन पाजू?"

त्यापुढच्या वर्षीही तेच. मी दोनदा विषय काढला, दोनदा त्यांनी तोंड फिरवलं. सासरे म्हणाले, "सोड तिचा नाद. ती मुधोळची हाय, ऐकणार नाई." ते गमतीनं म्हणाले, पण वाईट त्यांनाही वाटत होतं. चैत्रातल्या संध्याकाळी घर एवढं शांत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

माझी लेक हैदराबादला शिकते. गेल्या चैत्रात ती घरी आली तेव्हा शाळा ओंटीपूट, म्हणजे अर्ध्या दिवसाच्या, झाल्या होत्या. दुपारी शाळेतून शिकवून मी घरी पोचले तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर काळे ठिपके, फरशीवर काळे ठिपके आणि लेकीच्या नाकावर काळा पट्टा. ओट्यावर एक छोटा डबा उघडा होता.

"काय करून राह्यली वं पोट्टी?" सासूबाई दारातूनच विचारत होत्या.

"आजी, काळं लेमोनेड. तिकडं हॉटेलात मिळतं. नारळाच्या करवंटीच्या कोळशाचं. साखर अजिबात नाही, तुला चालेल."

"कोळसा पेतात?"

"हो."

"मंग हैदराबादहून कायले आणला? गावात चुली नाईत काय?"

लेकीनं समजावून सांगितलं की हा चुलीतला कोळसा नव्हे, तो पोटात घ्यायचा नसतो. हा खाण्यासाठी मुद्दाम वेगळा तयार केलेला असतो. सासूबाईंनी डब्यात बोट घातलं, बोट पाहिलं, आणि ते पदराला पुसणार तेवढ्यात मी त्यांचा हात धरला.

पहिला पेला सासरे प्यायले. लिंबू, पाणी, बर्फ आणि ती पूड. पुडीच्या गाठी वर तरंगत होत्या. एक घोट घेऊन त्यांनी पेला उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "यापेक्षा काढा बरा." त्यांचे ओठ काळे झाले होते. सासूबाई हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत, पदर तोंडाला लावून खुर्चीवर बसल्या. त्या अशा हसलेल्या मी किती दिवसांनी पाहत होते!

दुसऱ्या दिवशी मी साखरेऐवजी घालायच्या गोड गोळ्या आणल्या. त्यानं सरबत गोड झालं खरं, पण घोट गिळल्यावर जिभेवर पत्र्यासारखी चव राहायची. सासूबाईंनी चाखलं आणि पेला माझ्याकडे सरकवला.

"गोडाचं सोंग कायले करता? गोड नाई तर नाई. लिंबू हाय, लिंबासारखं लागू दे."

आणि त्या उठल्या. मला वाटलं आत जाऊन पडतील. पण त्यांनी बडीशेपेची बरणी काढली, मूठभर बडीशेप पाण्यात भिजत घातली आणि म्हणाल्या, "उद्या पाहू."

पुढचे काही दिवस आमचं स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा झाली होती. रात्रभर भिजलेल्या बडीशेपेचं पाणी जरासं गोडसर लागतं, ते सासूबाईंना ठाऊक होतं. लिंबाची साल शेंदेलोणाबरोबर चोळून तिचा वास पाण्यात उतरवायचा, हेही त्यांचंच. पुडीच्या गाठी मोडायची युक्ती मला सापडली: हळद भिजवतो तशी पूड आधी थेंबभर पाण्यात कालवायची, मग सरबतात घालायची. आणि सब्जा घालायचं लेकीनं सुचवलं. काळ्या पाण्यात फुगलेले सब्जाचे दाणे दिसतच नव्हते, पण दाताखाली आले की मजा वाटायची. एकदा पुदिना जास्त झाला, एकदा जिरं जळलं. सासरे दर वेळी व्हरांड्यातून पेला घ्यायला यायचे आणि अर्धा तसाच ठेवून जायचे. एके दिवशी मात्र त्यांनी पेला रिकामा करून परत पुढे केला.

"अजून हाय काय?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत असा काही तोरा होता की विचारू नका.

पण त्या स्वतः प्यायच्या आधी मला एक शंका होती. त्यांच्या गोळ्या सुरू होत्या. मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बरं झालं विचारलं. कोळसा औषध शोषून घेतो. गोळीच्या आगेमागे हे घेतलं तर गोळी वायाच जाईल. गोळीपासून चांगलं दूर ठेवा, चिमूटभरच घाला, आणि हे रोज प्यायचं नाही. साधं सरबत प्या ना, त्याला काय झालंय?"

घरी येऊन मी ते जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंनी हिशेब केला. त्यांची गोळी सकाळी आणि रात्री. "मंग पाच वाजता एखाद्या दिवशी चालते," असं म्हणून त्यांनी पेला भरला आणि उभ्यानंच संपवला. मग पेला खाली ठेवत अगदी सहज म्हणाल्या, "यंदा हळदीकुंकू करू."

मी लगेच आमंत्रणांची यादी करायला कागद शोधला.

आमंत्रणं सुरू झाली तशी बातमीही पसरली. समोरच्या काकू फाटकातूनच बोलायला लागल्या. "वयनी, ऐकते थे खरं हाय काय? गौरीसमोर काळं सरबत? हळदीकुंकवाले काळं चालत असते काय?"

सासूबाई कुंडीला पाणी घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "वयनी, तुमच्या गळ्यात काय हाय?"

"मंगळसूत्र. काऊन?"

"त्याचे मणी कोणत्या रंगाचे?"

काकूंचा हात आपोआप गळ्याशी गेला. सासूबाईंनी उरलेलं पाणी तुळशीला घातलं आणि म्हणाल्या, "या मंग. पाच वाजता."

हळदीकुंकवाच्या दिवशी आम्ही दोन माठ भरले. एकात कोळशाचं काळं, दुसऱ्यात तेच सरबत, फक्त बिनकोळशाचं, लिंबासारखं पांढुरकं. डॉक्टरांचं बोलणं मी विसरले नव्हते आणि सासूबाई तर नाहीच नाही. लेकीला हळदीकुंकवाचं ताट दिलं, मला माठांजवळ उभं केलं आणि स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसल्या. येणाऱ्या प्रत्येकीला कुंकू लागायच्या आधी त्यांचा प्रश्न:

"गोळी कोणती चालू हाय काय? कवा घेतली?"

पहिली आली ती वरच्या मजल्यावरची आमची तेलुगू भाडेकरीण. तिला काहीच गोळी नव्हती, तिला काळं मिळालं. दुसरी माझ्याच शाळेतली शिक्षिका. ती गोंधळली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "थायरॉइडची. सकाळी उठल्या उठल्या."

"सकाळची काय? मंग काळं चालते. द्या इले," सासूबाईंनी मला खणखणीत आवाजात सांगितलं.

तिसरी म्हणाली, "बीपीची. आज उशिरा जेवले, आत्ताच घेतली."

"इले पांढरं."

आणि मग धरण फुटावं तसं झालं. मागच्या रांगेतली एक जण म्हणाली, "तुमाले बीपी हाय? मले बी हाय!" दुसरी म्हणाली, "माझी तर साखरेची. घरी सासूले बी सांगितलं नाई मी." एकीनं पर्स उघडून गोळ्यांची पट्टीच दाखवली. कुणाची गोळी लाल, कुणाची अर्धी, कुणाला डॉक्टर बदलायचा होता. ज्या खोलीत त्या वर्षी सासूबाईंना साखर आहे म्हणून सगळ्या वळून बघत होत्या, त्याच खोलीत आता त्या एकमेकींना विचारत होत्या, तुमची कितीची गोळी आणि ती कोणत्या वेळी.

सासूबाई खुर्चीवरूनच म्हणाल्या, "काळं प्या नाईतर पांढरं प्या. दोन्ही माठात साखरेचा दाणा नाई. मी बी पेऊन राह्यली."

समोरच्या काकू सगळ्यांत शेवटी आल्या. जरीची साडी, हातात गजरा. सासूबाईंनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. काकू म्हणाल्या, "मले कायची गोळी? पण मी आपलं पांढरंच घेते. सणाचं काळं नाई पेत मी."

मी पांढऱ्या माठाकडे हात नेला. तेवढ्यात शाळेतली ती शिक्षिका म्हणाली, "काकू, घ्या की काळं, काही होत नाही. छान लागतं." दोघी-तिघींनी आग्रह सुरू केला. एकीनं काळा पेला काकूंच्या हातात दिलाच. काकू पेला धरून तशाच उभ्या राहिल्या. नाही म्हणत नव्हत्या आणि पीतही नव्हत्या.

सासूबाईंनी ते पाहिलं. त्या उठल्या, काकूंच्या हातातला पेला काढून घेतला आणि म्हणाल्या, "त्यायले पांढरंच द्या. मीच सांगितलं होतं त्यायले. लिंबू जास्त हाय त्यात, त्यायच्या आवडीचं."

ते खोटं होतं, हे मला कळलं. काकूंनाही कळलं. त्यांनी पांढरा पेला घेतला, एक घोट घेतला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साखरेची गोळी हाय मले. दुपारी जेवल्यावर घेते. तुमच्या आधीपासून हाय, वयनी."

सासूबाई काकूंकडे बघत राहिल्या. तो जुना प्रसंग त्यांच्या मनात आला असणारच. त्यांनी वाकून माठातलं पांढरं सरबत पेल्यात घेतलं आणि काकूंचा पेला पुन्हा काठोकाठ भरला.

"प्या मंग पोटभर," त्या म्हणाल्या. "आपल्यासाठीच केलं."

काकू आधी रडल्या आणि मग हसल्या. तेवढ्यात ती भाडेकरीण लेकीच्या मोबाइलमध्ये स्वतःला बघून ओरडली, "अम्मा, पळ्ळू नल्लगा अय्यायी!" सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग एकमेकींकडे पाहिलं. काळं प्यायलेल्या सगळ्यांचे दात काळे आणि जिभा काळ्या. भरजरी साड्या, कपाळी कुंकू आणि हसताना काळे दात! हसून हसून पुरेवाट झाली. व्हरांड्यातून सासरे डोकावले आणि घाबरून परत गेले. लेकीनं सगळ्यांचा फोटो काढला, त्यात सासूबाई मधोमध आहेत आणि जीभ बाहेर काढून बसल्या आहेत. असला फोटो त्यांनी आयुष्यात कधी काढू दिला नव्हता.

महिनाभरानं समोरच्या काकूंच्या नातीचा साखरपुडा ठरला. काकू स्वतः आल्या, सासूबाईंच्या हाती सुपारी दिली आणि म्हणाल्या, "सरबत तुमीच करायचं, वयनी. पांढरं. सगळ्या म्हाताऱ्यायले पेता आलं पाह्यजे." सासूबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. नेरडीगोंड्याकडून येणाऱ्या भाजीवालीला लिंबं सांगितली, बडीशेप दोन रात्री आधी निवडून ठेवली. साखरपुड्याच्या दिवशी सकाळीच मांडवात खुर्ची टाकून त्या बसल्या. ताकाची भांडी भरून आणलेल्या आचाऱ्याला, त्याच्या बायकोला आणि मला त्यांनी इतक्या सूचना दिल्या की आचारी मला हळूच म्हणाला, "मॅडम, ह्या कोण हो?"

"माझ्या सासूबाई," मी म्हणाले, आणि हे सांगताना माझी मान किती ताठ झाली होती, ते मलाच जाणवलं.

संध्याकाळी आम्ही दोघी रस्ता ओलांडून घरी आलो. सासरे व्हरांड्यात वाट बघत होते. "कसं झालं?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी चपला काढल्या, दुखणारे पाय पायरीवर पसरले आणि म्हणाल्या, "माठाच्या तळाले थेंब नाई उरला. आचारी ताकाची भांडी भरलेलीच घेऊन गेला."