परिचारिका सर्वप्रथम काय करेल?

मिरजेहून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांचे दोन जोड होते आणि एक पत्रक होतं, छापायला न गेलेलं. शीर्षक मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘परिचारिकांनो, देश सोडू नका, लढा!’ खाली चार मागण्या, आणि मधोमध एक रिकामी चौकट. त्या चौकटीत मला मनालीचा फोटो हवा होता.

मनाली आणि मी मिरजेला नर्सिंगच्या होस्टेलवर एका खोलीत राहायचो. दुसऱ्या वर्षी मी कॉलेज सोडलं आणि परिचारिकांच्या संघटनेचं काम धरलं. ती शिकली, नर्स झाली, वसईला आपल्या गावी परतली. गेली सहा वर्षं ती वालीवच्या एका खासगी रुग्णालयात कंत्राटावर आहे. तिथल्या नर्सेसना एकत्र आणलं ते तिनंच, हक्काच्या रजेसाठी पहिला अर्ज लिहिला तोही तिनंच. आणि आता हीच बाई अमेरिकेतल्या नर्सिंग परवान्याच्या परीक्षेला बसणार होती. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा नापास झाली होती.

मी तिला कळवलं, अभ्यासाला मदत करायला येते. खरं सांगायचं तर ती पुन्हा नापास व्हावी असं मला वाटत होतं. ती गेली तर वसईतलं आमचं काम बसलंच म्हणून समजा. प्रवासाला निघालेल्या माणसानं आपलं सामान आधी उघडून दाखवावं, म्हणून हे सुरुवातीलाच लिहून टाकते.

एसटीनं सकाळी मला महामार्गावर वसई फाट्याला उतरवलं. माझ्या डोक्यातली वसई म्हणजे किल्ला, समुद्र आणि केळी. समोर होते पत्र्याचे गाळे, टेम्पोंच्या रांगा, कुठेतरी पत्रा कापल्याचा किंचाळता आवाज आणि रंगाचा उग्र वास. रिक्षावाल्याला म्हटलं, “निर्मळला जायचंय.”

“निर्मळ? मॅडम, वो तो वेस्ट में है. तुम्ही उलट्या साइडला उतरलात.”

“मग हे कुठलं गाव?”

“गाव कसलं? वालीव आहे हे. इंडस्ट्री.”

वालीव! मग काय, चुकलेच आहे तर मनालीचं रुग्णालयच आधी बघू म्हटलं. ती ड्यूटीवर होती. परीक्षा तीन दिवसांवर आली असताना हिला रजा नाही, यावर मी स्वतंत्र पत्रक लिहू शकते, पण तो मोह इथे आवरते.

दुसऱ्या मजल्यावर पुरुषांचा वॉर्ड. तीस खाटा, एक आयाबाई आणि मनाली. पण वॉर्ड माणसांनी भरलेला. कुणी बाटली उंच धरून उभा, कुणी औषधाची चिठ्ठी घेऊन जिन्याकडे पळतोय, एक म्हातारी आपल्या मुलाचा पट्टी बांधलेला पंजा स्वतःच्या खांद्यावर टेकवून बसलेली. कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये हात गेला होता त्याचा. मनाली वॉर्डच्या मध्ये उभी राहून ओरडत होती, “अकरा नंबरचं कोण आहे? सलाइन संपत आलं की सांगायचं, संपल्यावर नाही! दादा, तुम्ही, चेकवाला शर्ट, जरा सिलिंडर ढकला इकडे.”

मी दिसले तशी हसली. “आलीस, पत्रकबाई? हे धर.” आणि माझ्या हातात पट्ट्यांचा ट्रे दिला. नर्सिंग सोडलेल्या मला तिनं पुढचे दोन तास फुकट राबवलं. शोषणाविरुद्ध बोलणारी माणसं अशा वेळी गप्प बसतात, मीही बसले.

दुपारी तिच्या स्कूटरवरून रेल्वेवरचा पूल ओलांडून पश्चिमेला गेलो. काही वेळानं सगळंच बदललं. अरुंद रस्ता, दोन्हीकडे केळीच्या बागा, मधूनच हिरव्या पाण्याचं बावखल (पावसाचं पाणी साठवायला खोदलेलं बागेतलं तळं), सायकलच्या कॅरिअरवर फुलांच्या करंड्या. सोनचाफ्याचा वास आधी येतो आणि झाड नंतर दिसतं. निर्मळच्या देवळाजवळून आत वळलो तर मनालीच्या वाडीत तिची आई उन्हात बसून केळी सोलत होती.

“ही का ती भाषणं करणारी?” काकींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “बारीक आहे गं. आवाज मोठा असेल.”

केळफुलाची भाजी, तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण खाऊन मी आवाज पार गमावला. अंगणात बांबूच्या मांडवावर सुकेळी (सोलून उन्हात वाळवलेली राजेळी केळी) घातली होती. कोवळ्या मधाच्या रंगापासून काळपट तपकिरीपर्यंत सगळ्या छटा तिथे मांडलेल्या. किती दिवस लागतात विचारलं तर काकी म्हणाल्या, “ऊन ठरवतं. आपण फक्त उलटायची.”

त्या मांडवाच्या सावलीत आमचा अभ्यास सुरू झाला. मी प्रश्न मराठीत करून वाचायचे, मनाली उत्तर द्यायची, काकी केळी उलटायच्या.

“शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला अचानक धाप लागली आहे. परिचारिका सर्वप्रथम काय करेल? एक, खाटेची डोक्याकडची बाजू वर करेल. दोन, कुटुंबीयांना कळवेल. तीन, औषधांची नोंद तपासेल. चार, लघवीचं प्रमाण मोजेल.”

“दोन,” मनाली म्हणाली.

“अगं, आधी त्याला उठवून बसव की!” काकी मांडवाकडून ओरडल्या. “मेल्यावर कळवतेस का घरच्यांना?”

पुस्तकात बरोबर उत्तर होतं पर्याय एक. काकी पास, मनाली नापास. मी हसले, पण पुढच्या वीस प्रश्नांत ही चूक सात वेळा झाली. कुठल्याही पर्यायात नातेवाईक दिसला की मनाली तिकडेच धावायची. मागच्या वेळीही असंच झालं होतं, तिनं कबूल केलं.

“मला माहितीये गं डोकं वर करायचं,” ती चिडून म्हणाली. “पण माझ्या वॉर्डात मी पाचव्या खाटेपाशी असते आणि धाप लागते पंचविसाव्याला. मी पोचेपर्यंत त्याचं डोकं कोण वर करतं? त्याचा भाऊ. ऑक्सिजन कोण ढकलत आणतं? मेहुणा. म्हणून मी आधी हाक मारते. सहा वर्षं तेच केलंय. हात आपोआप तिकडे जातो.”

मी पुस्तक आपटलं. “हेच! हेच मी ओरडून सांगते! माणसं नेमायची नाहीत आणि रुग्णाच्या बायको-भावाला बिनपगारी नर्स करायचं! तू आता असं समज, की नातेवाईक नावाचा प्राणी जगात नाहीच. आणि तुझ्या मागे चार नर्स उभ्या आहेत. जशा असायला हव्यात तशा!”

मी हे संतापून बोलले होते. पण मनालीनं पेन्सिल उचलली आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलं : ‘नातेवाईक नाहीत. मागे चौघी आहेत.’ पुढच्या वीस प्रश्नांत तिची ती चूक एकदाच झाली. तिला नापास बघायला आलेल्या मी स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मात्र मला राहवलं नाही. मी उभी राहून बोलले. इथल्या पैशावर शिकायचं आणि तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायची? वालीवच्या कामगारांनी कोणाकडे बघायचं? संघटना कोणी चालवायची? चांगली दहा मिनिटं बोलले. मनालीनं शांतपणे ऐकून घेतलं.

“झालं? पाणी पी.” मग तांब्या माझ्यापुढे सरकवत म्हणाली, “मला एकदा तरी पेशंटला विचारायचंय, आज कसं वाटतंय, आणि त्याचं उत्तर ऐकायला थांबायचंय. सहा वर्षांत मी विचारलं खूप जणांना. ऐकायला थांबले नाही. चल, पुढचा प्रश्न वाच.”

मी वाचला. माझ्या चारही मागण्यांत हे वाक्य नव्हतं.

परीक्षा अंधेरीला, एका काचेच्या इमारतीत. मी खाली चहाच्या टपरीवर बसले. मनाली अपेक्षेपेक्षा बरीच लवकर बाहेर आली, चेहरा पांढराफटक.

“संगणक बंद झाला,” ती म्हणाली.

“बिघडला?”

“नाही गं. पास की नापास याची त्याला खात्री पटली की तो आपणच थांबतो. कमीत कमी प्रश्नांवरच थांबला. म्हणजे मी एक तर फार बरोबर आहे, नाही तर फार चूक.” निकाल दोन-तीन दिवसांनी ईमेलवर येणार होता.

ते दिवस कसे काढायचे? पहिल्या दिवशी काकींनी दोघींना केळी उलटायला बसवलं. मनालीनं तीच तीच केळी इतक्यांदा उलटली, की काकींनी तिला मांडवावरून उठवलं. “उलटून उलटून लवकर सुकत नाहीत बाय. जा, कळंबला जाऊन मासळी आण.”

कळंबला सुरूच्या झाडांतून समुद्र दिसला तेव्हा ओहोटी होती. ओला, करडा किनारा लांबवर पसरलेला. अलीकडे सुट्टीच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या, पलीकडे बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. तिथे जाळं निवडत बसलेल्या कमळी मावशीनं मनालीला लांबूनच हाक मारली. गावात मावशीची ख्याती अशी, की रक्तदाब मोजायचं यंत्र घरात आहे आणि मोजायला मनाली लागते.

“लागला काय गो निकाल?”

“नाही मावशी.”

“आनि ही कोन? पाव्हनी?”

“मैत्रीण. मी जाऊ नये म्हणून आलीये,” मनाली म्हणाली. मी दचकले. तिला मी एका शब्दानं तसं सांगितलं नव्हतं. दहा मिनिटांचं भाषण सोडून.

कमळी मावशीनं माझ्याकडे बघितलं. “मंग बरोबर हाय तुजं. आमची बीपी कोन बघनार?” तिनं हात पुढे केला. मनालीनं आपल्या पिशवीतून स्वतःचं यंत्र काढून तिच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून तिनं मान हलवली. “गोळी घेतली का आज?” मावशी समुद्राकडे बघायला लागली. “घ्येनार हाय.”

“आज कसं वाटतंय?” मनालीनं विचारलं, आणि जाळ्याशेजारी वाळूत बसली.

मावशीनं सांगितलं. गुडघा, जावई, बोंबलाला न मिळालेलं ऊन, पुन्हा गुडघा. अर्धा तास गेला. मनाली हलली नाही. मी उभीच होते, मग मीही बसले. निघताना मावशीनं मूठभर बोंबील माझ्याच पिशवीत कोंबले. “तुला पन जोर पायजे भांडायला.” ते पत्रकाला लागून बसले आणि ‘लढा’ या शब्दावर तेलकट डाग पडला तो पडलाच.

तिसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही वाडीत चाफा खुडत होतो. चाफा उमलायच्या आत उतरवावा लागतो, काकींचा हुकूम. मनालीचे दोन्ही हात फुलांनी भरलेले होते तेव्हा झाडाला अडकवलेल्या पिशवीत तिचा फोन वाजला.

“तूच बघ,” ती म्हणाली. “माझे हात चिकट आहेत.”

हात चिकट नव्हते. तिनं ओंजळीतली फुलं आणखी घट्ट धरली.

मी ईमेल उघडला. त्या पानावर बरंच इंग्रजी होतं आणि एका ओळीत तिचं नाव, आणि नावापुढे एकच शब्द. मी तो दोनदा वाचला. माझ्या मनात काय आलं ते लिहिते : मला वाईट वाटलं. आधी वाईट वाटलं, मग आनंद झाला. क्रम तोच होता.

“अगं बोल की!”

“नापास झाली वाटतं,” काकी करंडीवरून मान न उचलता म्हणाल्या. “ही बघ कशी गप्प उभी आहे. हिला हवं होतं तेच झालं असेल.”

“पास,” मी म्हणाले. “मनाली, तू पास झालीस.”

फुलं खाली पडली. काकींनी आधी फुलं गोळा केली, मग मुलीला जवळ घेतलं, मग डोळे पुसत फुलं पुन्हा मोजायला लागल्या. मी तिथेच म्हणून टाकलं, “काकी, खरंय तुमचं. मला ती नापास व्हायला हवी होती.”

“माहितीये,” मनाली म्हणाली. “तरी शिकवलंस. आता फोटो काढ तुझ्या त्या चौकटीसाठी, बोंबील काढताना पाहिलं मी पत्रक. पण खाली लिही, ‘ही चालली.’ जमेल?”

जमलं नाही. परतीच्या एसटीत मांडीवर सुकेळ्यांचं पुडकं घेऊन मी ते पत्रक पुन्हा वाचलं. ‘देश सोडू नका.’ कोणाला सांगत होते मी? जिला सहा वर्षं एका खाटेपाशी थांबता आलं नाही तिला, थांब? मी ती ओळ खोडली आणि मनालीला फोन लावला. “परीक्षेतला असतो तसा एक प्रश्न मला तयार करून दे. आपल्या वॉर्डचा.” गाडी घाट चढेपर्यंत तिनं तो पाठवला.

नवं पत्रक एवढंच आहे : ‘वॉर्डात तीस खाटा आहेत. परिचारिका एक. अकराव्या खाटेला धाप लागली आहे, चोविसाव्याचं रक्त थांबत नाही, तिसरा खाली पडला आहे. परिचारिका सर्वप्रथम काय करेल?’ पुढे चार पर्याय, चारही कोरे. त्याखाली सहीसाठी जागा. फोटोची चौकट काढून टाकली.

मिरजेला एका रुग्णालयाच्या फाटकाशी मी ते वाटत होते. ड्यूटी संपवून निघालेल्या, निवृत्तीला आलेल्या एका सिस्टरनं चष्मा वर करून ते वाचलं. खिशातून पेन काढलं आणि पहिल्या कोऱ्या जागेत भराभर लिहिलं : ‘नातेवाइकाला हाक मारेल.’ कागद मला परत दिला.

“बरोबर आहे ना गं?”

“अमेरिकेत चूक आहे, सिस्टर,” मी म्हणाले. “इथे बरोबर आहे.”

त्यांनी कागद माझ्या हातातून परत घेतला, स्वतःचं उत्तर एकदा वाचलं, आणि खाली सही केली.