तिन्हीकडे तीच चूक

प्रिंटरमधून निघालेल्या कोमट कागदाचा वास आला की मी मनाने कॉलेज रोडवरच्या त्या सायबर कॅफेत जाऊन पोचते. प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. गोदावरीच्या एका जुन्या पुराची उंची तीन वेबसाइटवर सारखीच सापडली होती.

"तिघं म्हणतात म्हणजे खरंच असणार," मी म्हणाले.

सटाण्याची माझी मैत्रीण वैशाली प्रिंट शेजारी शेजारी ठेवून म्हणाली, "अगं, गोदावरीचं स्पेलिंगही तिन्हीकडे अगदी सारखंच चुकलंय. एकाचंच बाकीच्यांनी उतरवलंय."

मला तिचा भयंकर राग आला. तरी तो आकडा खोडून मी लिहिलं, 'खात्रीची माहिती मिळाली नाही.'

सरांनी वर्गात नेमकं तेच वाक्य वाचून दाखवलं. मी शरमेने मान खाली घातली. आज वाटतं, त्या अख्ख्या प्रोजेक्टमध्ये तेवढंच माझं स्वतःचं होतं.