पाणी प्यायची वेळ

दीड महिन्यापूर्वी सकाळी कांबळे सरांच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबा गेले." मी चपला पायांत सरकवून निघालो आणि अर्ध्या रस्त्यात थांबलो. आता घाई कशाची? दोन वर्षं घाईच तर करत होतो...

अहमदपूरच्या शाळेत सर भूगोल शिकवायचे, मी मराठी. निवृत्तीनंतर त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. लातूरचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची वेळ गेली, पण रेडिएशननं आजार आटोक्यात येईल. रेडिएशनला मशीन लागतं आणि मशीनपुढं रांग. नांदेडला नंबर लागेपर्यंत साडेचार महिने गेले, तोवर नुसती इंजेक्शनं. सर येरझाऱ्या घालत म्हणायचे, "डॉक्टर हाय, औषध हाय, रस्ता हाय. मशीनच तेवढं पुरेना. मंग आपण काय करून राहिलो?" पुण्या-मुंबईला जा म्हणावं, तर तिथं दोन महिने राहायचं कुणाकडं?

शेवटी नंबर लागला. सोमवार ते शुक्रवार रोज एसटीनं नांदेड, सोबतीला मी. या उपचाराला लघवीची पिशवी भरलेली लागते, म्हणजे आजूबाजूच्या भागाला इजा कमी होते. त्यामुळे आधी भरपूर पाणी प्यायचं आणि दाबून बसायचं. एके दिवशी मशीन मध्येच बंद पडलं. कुणी काही सांगेना. बाकांवर सगळी म्हातारी माणसं, पाणी पिऊन अवघडलेली. सरांच्या शेजारी मुखेडचे एक आजोबा होते. ते कसेबसे उठायला गेले आणि... बाक ओला झाला. त्यांची मान वर होईना. सरांनी हातातली बाटली त्याच बाकावर, स्वतःच्या पँटवर उपडी केली. "माझ्या हातून सांडली बघा, बाबा. तुमचं धोतर भिजवलं मी."

मग मात्र सर तडक आत गेले. टेक्निशियनला म्हणाले, "मशीन बिघडतं, त्याला तुम्ही तरी काय करणार? पण बाहेर येऊन सांगा. माणसं पाणी पिऊन बसलीत." तो पोरगेला माणूस सकाळपासून जेवलेला नव्हता, कुठल्या कुठल्या तालुक्यांचे पेशंट त्या एका मशीनवर. त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून तो दारात येऊन सांगू लागला, "आता पुढच्या तिघांनी पाणी प्या."

सरांचा उपचार पूर्ण झाला, पण वर्षभरात आजार हाडांत उतरला. मी डॉक्टरांना गाठलं. "ते साडेचार महिने वाया गेले नसते, तर हे टळलं असतं का?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. खरं तेच सांगितलं त्यांनी. पण तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हो म्हणाले असते तर निदान कुणावर तरी रागावलो असतो.

परवा मुलानं सरांची खोली उघडून दिली. टेबलावर मराठवाड्याचा शाळेतला नकाशा पसरलेला होता. गावागावांतून नांदेड-लातूरकडे पेन्सिलीच्या रेघा, कडेला एसटीच्या वेळा, पेशंटची नावं, फोन नंबर. शेवटचं नाव रेणापूरचं. मी उभ्या उभ्याच फोन लावला. एका बाईंनी उचलला.

"सरांकडून बोलून राहिले का? ह्यांचा नंबर आजून लागला न्हाई. सर म्हणले व्हते, मी बघतो."

"सर गेले, ताई. मी त्यांचा मित्र."

मग त्यांनी एवढंच विचारलं, "मंग आता?"

मी नकाशा घडी करून पिशवीत घातला. "फाईल काढून ठेवा. उद्या सकाळच्या गाडीनं येतो."