इनासमामाच्या गाडीचा डोळा

सुरुवातीलाच माफी मागतो. या पुरवणीत गेलेल्या माणसांविषयी जे लिहितात, त्यांनी आधी पुष्कळ लिहिलेलं असतं आणि ज्यांच्याविषयी लिहितात त्यांना पुष्कळ लोक ओळखत असतात. माझ्या बाबतीत दोन्ही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. परीक्षेच्या पेपराखेरीज चार पानं सलग लिहिण्याची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही. आणि इनासमामाला आरोंदा गाव सोडलं, गोव्यातल्या ज्या गॅरेजात त्याने तीस वर्षं काम केलं तिथली माणसं सोडली, तर फारसं कोणी ओळखत नव्हतं. तरी लिहितो आहे, कारण मला त्याला एक गोष्ट सांगायची होती आणि मी ती सांगितली नाही. आता ती घेऊन कुठे जायचं, हे कळत नव्हतं... आम्ही त्याला अरे-तुरेच करायचो, म्हणून इथेही तसंच लिहितो. कोणाला ते उद्धट वाटलं तर त्याचीही माफी असावी.

बातमी आली तेव्हा मी कोल्हापूरला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. दुपारची वेळ. आई कॉलेजच्या वेळात कधी फोन करत नाही. तिला वाटतं, फोन वाजला तर मास्तर मला कायमचं बाहेर काढतील. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव दिसताच मी व्हरांड्यात गेलो. "बाळा, इनास गेलो रे," ती म्हणाली. "इन्सुलीक भैणीकडे गेल्लो. येताना उतारार... छातीत कळ इली म्हणतत डॉक्टर. मोटारसायकल घेऊन गेल्लो." मी विचारलं, "गाडी कशी आसा?" ती म्हणाली, "गाडयेचा काय घेऊन बसलंस? माणूस गेलो आमचो." तिचं बरोबरच होतं. पण माझा पहिला प्रश्न तोच होता, आणि तो तोच का होता हे मी पुढचे सहा आठवडे कोणालाही सांगितलं नाही.

इनासमामा माझ्या आईचा सख्खा भाऊ नव्हे. आईचं माहेर आरोंद्याचं. तिच्या आणि इनासमामाच्या घरांमध्ये फक्त एक चिऱ्यांचा गडगा, कमरेएवढी भिंत, आणि तोही मधोमध ढासळलेला, कारण दोन्ही घरची मुलं तिथूनच ये-जा करायची. आईला भाऊ नव्हता, म्हणून ती लहानपणापासून इनासमामालाच राखी बांधायची. आम्ही राहतो मालवणला, बाबा दुसऱ्याच्या होडीवर जातात. बाबांना कागद, शिक्के, खिडक्या यांची धास्ती. म्हणून बारावीनंतर माझ्याबरोबर कोल्हापूरला प्रवेशासाठी आला तो इनासमामा. खिडकीतल्या कारकुनांनी फॉर्म बघितला, मामाच्या गळ्यातला क्रॉस बघितला आणि विचारलं, "तुम्ही याचे कोण?" मामा ऑफिसातली मराठी बोलू लागला की शब्द मोजून टाकायचा. "मी याच्या आईचा भाऊ आहे." "सख्खे?" "सख्खा पाहिजे असं फॉर्मवर कुठे छापलं आहे, ते दाखवा, म्हणजे मी बाहेर उभा राहतो." कारकून हसले आणि त्यांनी शिक्का मारला. बाहेर आल्यावर मामाची भाषा पुन्हा घरी आली. "मेल्या, बापाशीचा शिक्षण चौथी लिवताना तुजो हात कित्याक थांबलो? चौथीवाल्यान तुका हंयसर पाठवलो. लाज वाटूची तर तेका वाटांदे, तुका कित्याक?" त्या दिवसापासून तो मला नावाने हाक मारायचा बंद झाला. "काय रे बीएस्सी" एवढंच.

त्याची मोटारसायकल माझ्यापेक्षा वयाने मोठी होती. गोव्यातून निवृत्त होऊन येताना तो तीच घेऊन आला. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. अशा गाडीच्या उजव्या मुठीजवळ ब्रेक ऑइलची एक छोटी डबी असते आणि तिच्या अंगात बसवलेली, नाण्याहून लहान अशी गोल काच. आत ऑइल किती आहे ते त्या काचेतून दिसतं. मामा त्या काचेला डोळा म्हणायचा. खाडीवरच्या जेटीपर्यंत जायचं असलं तरी आधी वाकून डोळ्यात बघायचं, नखाने दोनदा टिचकी मारायची आणि मगच किक. फिलूमामी दारातून म्हणायची, "माज्याकडे एकदा तरी असो वाकून बगितलंस?" मामा किक मारतामारता म्हणायचा, "तुजो ब्रेक खंय लागता? लागलो तर बगीन."

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या दोन दिवस आधी, मी आरोंद्याला गेलो तेव्हा तो डोळा पिवळा पडून पार आंधळा झाला होता. कडेने थोडं ऑइलही पाझरत होतं. "मोतीबिंदू झालो हा," मामा म्हणाला. "दुसरो कोण अख्खी डबी बदलीत. आपण डोळोच बदलूया. म्हापशासून काच हाडलंय. ऑपरेशन तू करतलंस, बीएस्सी." मामी म्हणाली, "तेच्या हातात ब्रेक देव नको. तेका चाय गाळूक येणा नाय." पण मामाने पाने माझ्याच पुढ्यात ठेवले. ब्रेक ऑइलने रंग जातो, म्हणून त्याने टाकीवर जुनी चादर ओली करून टाकली. मी डबीतलं ऑइल काढलं, टोकदार आरीने जुनी काच उचकटली. ती बिस्किटासारखी तुकड्या-तुकड्यांनी निघाली. खाच पुसली. एवढ्यात चर्चमधल्या येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी पेंढा न्यायला माणसं आली आणि मामा त्यांच्याबरोबर मागे गेला. जाताना म्हणाला, "काच सरळ बसव. घाई करा नको."

नवीन काचेभोवती एक बारीक रबरी कडं होतं. ते खाचेत जाईना. एका बाजूने बसवलं की दुसऱ्या बाजूने वर यायचं. तीन वेळा झालं. मला भीती वाटली की आता हे फाटणार आणि मामा येऊन बघणार. आमच्याकडे अडलेल्या कुठल्याही वस्तूला एकच औषध असतं. पंपाचा वायसर असो, बोटात रुतलेली अंगठी असो, होडीच्या इंजिनाचं रबर असो, बाबांचा हात आपोआप खोबरेलाकडे जातो. माझाही गेला. न्हाणीच्या कट्ट्यावर मामीची बाटली होती. एक बोट भरून घेतलं, कड्याला आणि खाचेला नीट फासलं, वर गोल तोंडाचा गोटी पाना सपाट धरून दाबलं... काच अलगद आत गेली. मामा परत आला, वाकला, बोट फिरवून बघितलं. "सरळ बसलो. शाबास डॉक्टर." खोबरेलाचं मी बोललो नाही. लपवायचं म्हणून नव्हे. भाकरी चांगली झाली म्हटल्यावर पाणी कुठलं घातलं ते कोण सांगतं? मग नवीन ऑइल भरलं. तो मुठीवर ब्रेक दाबायचा, मी खाली चाकाजवळ बसून नळीतली हवा सोडायचो. संध्याकाळी आम्ही जेटीपर्यंत जाऊन आलो. परत येताना गाडी मी चालवली. मामा मागे बसून माझ्या खांद्यावर ताल धरत होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने मी मालवणला गेलो.

फेब्रुवारीत हॉस्टेलच्या एका मित्राच्या गाडीत ब्रेक ऑइल भरायचं होतं. मी मोठ्या ऐटीत पुढे झालो. बाटली हातात घेतली आणि सवयीने मागचा कागद वाचला. ब्रेकच्या रबरी भागांना दुसऱ्या कुठल्याही तेलाचा स्पर्श होऊ देऊ नये, रबर फुगतं आणि ब्रेक निकामी होऊ शकतो, असं लिहिलं होतं. मी ते तिथेच उभ्याने तीनदा वाचलं. त्याच संध्याकाळी मामाला फोन केला. त्याने विचारलं, जेवतोस का, अभ्यास कसा चालला, थंडी आहे का. मी उत्तरं दिली. मग तो म्हणाला, "अजून काय?" मी म्हणालो, "काय नाय." तो म्हणाला, "बरा. ठेव तर." त्यानंतर आणखी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्याने शेवटी तेच विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं. का, ते मला नीट सांगता येत नाही. ज्या माणसाने मला डॉक्टर म्हटलं त्याला, मी तुझ्या ब्रेकला डोक्याचं तेल लावलं, हे सांगायला जीभ वळली नाही. मनाला म्हटलं, होळीला जाईन तेव्हा स्वतःच खोलून नीट करीन. होळीच्या आधीच आईचा फोन आला.

अंत्यविधीला मी पोचलो. चर्चच्या मागे मूठभर माती टाकली. त्या दिवशी आरोंद्याला येताना एस.टी.त पुढच्या सीटवर दोघे मामाविषयी बोलत होते. "वाईट उतार तो. जुनी गाडी, आवारली नसतली." त्यांना काही माहीत नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा ते वाक्य अंगावर बसलं. मामाच्या पडवीत गाडी उभी होती, वर चादर. तीच चादर. माणसं येत-जात होती आणि मी तिच्यापासून चार हातांवर बसून होतो. उठून एक कोपरा वर करायचा होता. केला नाही.

कोल्हापूरला परत आलो. सकाळी हॉस्टेलमध्ये मुलं अंघोळ करून डोक्याला खोबरेल लावायची आणि मी तो वास येण्याआधी बाहेर पडायचो. सायकलचा ब्रेक दाबला की वाटायचं, आता मूठ रिकामी जाईल. आई मामाविषयी सांगायला लागली की मी, लेक्चर आहे, म्हणून फोन ठेवायचो. डॉक्टरांनी हृदयाचं म्हटलं होतं, ते मला मान्य होतं. पण उतारावर ब्रेक दाबला आणि तो हाताला लागलाच नाही, तर कुठल्याही माणसाचं हृदय... हे वाक्य मी मनात कधी पूर्ण केलं नाही. तसं ते रोज माझ्याबरोबर जेवायला बसायचं.

मामाला जाऊन महिना झाला तेव्हाच्या चर्चमधल्या प्रार्थनेला मला जाता आलं नाही, परीक्षा होती. गेल्या रविवारी गेलो. मामी पडवीत बसून कोकमाची सोलं उन्हात पसरत होती. मला बघून म्हणाली, "इलंस? जरा तेवडी गाडी चालू करून बग. उभी ऱ्हवान बिगाडतली." मी चादर काढली. वाकलो. काच स्वच्छ होती. ऑइल रेषेपर्यंत. ब्रेक दाबला तर तो दगडासारखा हाताला लागला. मी परत दाबला, परत... खाली बसलो आणि मामीला सगळं सांगितलं. खोबरेल, बाटलीवरचा कागद, तीन फोन. ती सोलं पसरायची थांबली नाही. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "ता आमका म्हायत आसा."

तू मालवणला गेलास त्याच दिवशी, ती म्हणाली, सकाळी थंडी पडली होती. मामा गाडीजवळ वाकला तर काचेच्या आत, वरच्या कडेला, पांढरं काहीतरी गोठलेलं. त्याने झाकण उघडून बोटावर घेतलं, वास घेतला आणि हसत स्वयंपाकघरात आला. "फिलू, तुज्या भाच्यान डोळ्यात फूल पाडल्यान." मग सगळं खोललं, धुतलं, आतली रबरं बदलली. त्या दिवशी गोठ्याच्या देखाव्याला गेलासुद्धा नाही. आणि उतारावर कळ आली तेव्हाही, ज्यांनी त्याला पाहिलं त्यांनी मामीला येऊन सांगितलं होतं, गाडी रस्त्याच्या कडेला नीट स्टँडवर लावलेली होती, चावी मामाच्या खिशात, आणि तो रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्याला टेकून बसलेला.

मी विचारलं, "माका कित्याक सांगल्यान नाय?"

"मी म्हटलंय तेका, फोन करून सांग. पोरगो दुसऱ्याच्या गाडयेक असाच करीत. तर म्हणालो, गप ऱ्हव. तो आपणच सांगतलो." मामीने हातातलं सोल उन्हात ठेवलं. "तुजो फोन येय तेव्हा मी हंयच बसलेली आसंय. तेणां फोन ठेवलो की मी इचारी, सांगल्यान? तीनय वेळा इचारलंय. तीनय वेळा म्हणालो, नाय अजून. फुडच्या वेळेक सांगतलो."