खेमराज मामाची टाच

आमच्या खेमराज मामाला साधी शिट्टी ऐकू आली, तरी त्याची बोटं तिच्यामागे ठेका धरतात. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर धान पिकवणारा शेतकरी, पण गावात त्याची ओळख एकच: दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्यात, सगळ्यांच्या पुढे नाचणारा. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली, की तो पायात घुंगरू बांधून उतरायचा आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं खास त्याला बघायला यायची.

२०१३च्या मंडईत त्याची डाव्या टाचेमागची जाड शीर दुखावली. पुढचा पावसाळा आला तरी गडी लंगडतच होता. मी त्याची भाची रेणू, गोंदियात फिजिओथेरपिस्ट. सगळ्या तपासण्या करून घेतल्या. शीर बरीच भरून आली होती. तरी टाच उचलायची म्हटलं, की मामाचा चेहरा आधीच कसनुसा व्हायचा.

"मामाजी, शीर सुधरली. आता मेंदूनं धसका घेतला हाय. तो अजून पहारा देऊन राहिला."

"म्हणजे मी नाटक करून राहिलो?"

"नाई हो! दुखणं खरंच हाय. पण आता पायासंगं मेंदूलेही शिकवा लागते."

मामा गंभीर झाला. "यंदाच्या मंडईले नाई जमलं, तर माहे घुंगरू उदारामले देऊन टाकीन." उदाराम म्हणजे दंडारीत त्याच्यामागे नाचणारा. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

व्यायाम सोपा होता. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, पाठीवर थोडं तांदळाचं ओझं, आणि मोबाइलच्या टिकटिकीवर तीन ठोके टाच वर, तीन ठोके खाली. बाहेरच्या ठोक्याकडे लक्ष लागलं, की मेंदूची धास्ती हळूहळू कमी होते आणि स्नायू मोकळे काम करू लागतात, असा माझा अनुभव.

दोन आठवड्यांनी गेले, तर दुखणं वाढलेलं! म्हटलं, करून दाखवा. टिकटिक सुरू झाली आणि माझा गुणाचा मामा दोन ठोक्यांच्या मधे आणखी तीन ठोके घालून टाच उडवू लागला. मी कपाळावर हात मारला.

"मामाजी, मधात काऊन उडून राहिले?"

"एवढी जागा रिकामी सोडाची? मले लाज वाटते!"

ओसरीवर सुभद्रामामी तांदूळ निवडत होती. रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, तिनं गाणं लावलं, की पंचवीस बाया तिच्याच चालीनं चिखलात मागे सरतात. तिच्या पुढे पळायची कुणाची टाप नाही.

"तुह्या त्या डबड्याले कोण भेते वो रेणू?" असं म्हणून तिनं रोवण्याची एक ओळ लावली. लांब, ओढत. मामाची टाच ओळीबरोबर चढली, दुसऱ्या ओळीला उतरली. तो मधे शिरायला गेला, की मामी डोळे वटारायची.

रोज सकाळी हेच. पाठीवरचा तांदूळ वाढत गेला. दिवाळीपर्यंत मामा अंगणात लंगडायचं विसरू लागला.

मंडईच्या दुपारी दंडारीतल्या यादोरावनं ढोलकीवर थाप मारली. मामा घुंगरू बांधून पुढे आला आणि थिजला. डावी टाच उचलेना. चेहरा पुन्हा तसाच. उदाराम त्याच्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून रोवण्याची ओळ उठली. ऐन कार्तिकात!

"सुभद्राबाई, धान कापाले आले वो!" कुणीतरी ओरडलं. सगळी मंडई हसली. मामी थांबली नाही. यादोराव शहाणा, त्यानं ढोलकी तिच्या चालीवर आणली. मामाची टाच चढली. उतरली. पुन्हा चढली. त्याचा चेहरा सैल होत गेला.

मामीनं गाणं मधेच तोडलं. "भरा आता तुमच्या जागा!"

ढोलकी उसळली आणि मामानं एकही जागा रिकामी सोडली नाही. मला रडू आणि हसू एकदमच आलं. फिजिओथेरपिस्ट असल्याचं विसरून मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, तर मामानं तिच्यामागेही टाचेनं ठेका धरला.