डेकवरची तीनचाकी

शब्बीरला हजला जायचं नव्हतं. हे तो कुणापाशी बोलला नाही, कारण असं बोलणारा माणूस मुरूम गावात आजवर कुणी पाहिला नव्हता. पण खरं तेच होतं. त्याला कुठंच जायचं नव्हतं. सकाळी सोसायटीच्या रेशन दुकानात काट्याजवळ बसायचं, दिवसभर साखर नि गहू तोलायचा, संध्याकाळी तीनचाकीची पायडलं हातानं फिरवत चढाच्या रस्त्यानं घरी यायचं, एवढ्यातच त्याचे दंड भरून येत.

बहात्तरच्या दुष्काळात तो धडधाकट होता. गावची निम्मी माणसं तेव्हा पाझर तलावाच्या कामावर होती, तशी तोही होता. तिथं दगडांनी भरलेली ट्रॉली उताराला कलली नि त्याच्या दोन्ही पायांवर उलटली. सोलापूरच्या दवाखान्यातून तो परत आला तेव्हा गुडघ्याखाली काही उरलं नव्हतं. ठरलेलं लग्न मोडलं. वर्षभर तो भिंतीकडं तोंड करून पडून होता. मग वीरप्पा सायकलवाल्यानं दोन जुन्या सायकली मोडून त्याला तीनचाकी करून दिली. मागं दोन चाकं, पुढं एक, आणि छातीसमोर हातानं फिरवायची पायडलं. सोसायटीच्या चेअरमननं दुकानात बसवलं. तेव्हापासून दहा वर्षं तो तिथंच होता.

त्याची आई बिस्मिल्लाबी बांगड्या विकायची. डोक्यावर टोपली घेऊन आसपासची सगळी खेडी तिनं पायाखाली घातली होती. हजला जायचं हे तिच्या मनात नवरा होता तेव्हापासून होतं. साठी उलटल्यावर एकदाचा नंबर लागला. पण बाईला एकटीनं जाता येत नाही, संगं मेहरम लागतो, म्हणजे नवरा नाहीतर मुलगा, भाऊ, भाचा असा रक्ताचा पुरुष. सगळ्यांनी धरलं होतं की जळकोटचा भाचा गफार जाईल. त्याचं किराणा दुकान होतं, हातपाय दणकट होते, आणि तो तयारही होता. बिस्मिल्लाबी म्हणाली, माझा पोरगा जिवंत आहे, तोच येईल. मग अर्जावर शब्बीरचंच नाव गेलं.

अम्मा आपल्यासाठीच हे करतीय, असं त्यानं धरून चाललं होतं. तिथं दुवा मागितली की पोराच्या नशिबाचं काही बरं होईल, असं तिला वाटत असणार. त्या विचाराचंच त्याला ओझं झालं होतं.

सोलापूरच्या स्टेशनात हमालांनी त्याला उचलून डब्यात ठेवलं. मुंबईत मुसाफिरखान्याच्या पायऱ्या चढताना अनोळखी माणसांनी उचललं. बंदरात जहाजाच्या शिडीवरून दोन खलाशांनी खुर्चीत बसवून वर नेलं. दर वेळी उचलणाऱ्याचा श्वास त्याच्या कानाशी यायचा, आणि दर वेळी खाली ठेवल्यावर त्याला शुक्रिया म्हणावं लागायचं. डेकवर पोचेपर्यंत तो शुक्रिया म्हणूनच दमला होता.

तीनचाकी सामानाबरोबर वर आली. ती बघून खलाशांचा मुकादम, ज्याला जहाजावर सारंग म्हणतात, डोकं खाजवायला लागला. तो रत्नागिरीकडचा वयस्क माणूस होता. जहाजाचे दरवाजे अरुंद होते, आणि पाणी आत शिरू नये म्हणून प्रत्येक दारात वीतभर उंच लोखंडी उंबरा होता. सारंगनं सांगितलं की गाडी खाली गोदामात टाकू, तुम्हाला चौघं मिळून खालच्या झोपायच्या फळीवर, म्हणजे बंकावर, नेऊन ठेवतील, आणि लागेल तेव्हा वर आणतील.

"न्हाय," शब्बीर म्हणाला. "म्या हितंच बसतो."

सारंगनं वाद घातला नाही. ताडपत्रीच्या आडोशाला, कठड्याच्या गजाला त्यानं तीनचाकी दोरखंडानं बांधून दिली. बिस्मिल्लाबी आपलं गाठोडं घेऊन खाली बायकांच्या भागात गेली.

पहिले दिवस तसे गेले. आई जेवणाची थाळी घेऊन वर यायची, त्याच्याजवळ बसून खायची आणि खालच्या बायकांच्या तक्रारी सांगायची. बाकी वेळ तो बसून असायचा. येणारे-जाणारे हाजी थांबून विचारायचे, पाय कशानं गेले. तो सांगायचा. ते हळहळून पुढं जायचे नि दुसरे यायचे. डेकवर नमाजाच्या रांगा लागल्या की तो कडेला, गाडीतच बसून नमाज पढायचा. जहाज एका अंगाला झुकलं की गाडी दोरीला हिसका द्यायची, मग त्याला चाक हातानं धरून ठेवावं लागायचं. पावसाळी समुद्र होता. धरून धरून त्याचे हात रात्री उशाला घेतले तरी आखडलेलेच राहायचे. सोसायटीच्या दुकानात निदान जमीन जागेवर असते, असं त्याच्या मनात यायचं.

मग आई वर यायची थांबली. थाळी नळदुर्गची नूरजहाँ नावाची बाई आणायला लागली. ती खाली बिस्मिल्लाबीच्या शेजारच्या बंकावर होती. अम्मा झोपलीय, अम्मा तस्बीहचे मणी ओढतीय, असं ती सांगायची. एका दुपारी मात्र तिला राहवलं नाही.

"भाई, अम्माच्या पोटात पानीबी ठरंना. दाक्तरची गोळी बी उलटून पडली. पोराला सांगू नको म्हनत्यात, म्हनून म्या गप होते."

शब्बीरनं थाळी बाजूला ठेवली. समुद्र खवळलेला होता, आणि सारंग नि त्याची माणसं जहाजाच्या दुसऱ्या टोकाला होती. बोलावलं असतं तर आली असती. पण पुन्हा उचलून घ्यायचं, पुन्हा कुणाच्या गळ्याला हात घालायचा, हे त्याच्यानं होईना. गुडघ्याच्या टोकांना चामड्याच्या गाद्या बांधल्या होत्या, त्या त्यानं घट्ट केल्या आणि गाडीतून खाली उतरला.

लोखंडी जिना उभा होता. तो जिन्याला पाठ लावून, बसत बसत एकेक पायरी उतरू लागला. आधी हातांवर भार, मग खालच्या पायरीवर बूड. जहाज हललं की गजाला मिठी मारून थांबायचा. मधे एक तरणा हाजी धावत आला आणि काखेत हात घालायला लागला. शब्बीर म्हणाला, राहू द्या, फक्त वाट मोकळी ठेवा. खाली बोळातून तो सरकत निघाला. तिथं ओकारीचा नि तेलाचा वास कोंडला होता. प्रत्येक दारातला उंबरा ओलांडताना अंग आधी पलीकडं टाकायचं नि मग मांड्या ओढून घ्यायच्या. नूरजहाँ पुढं चालत बायकांना सांगत होती, अम्माचा पोरगा आलाय, अम्माचा पोरगा.

बिस्मिल्लाबीचं तोंड सुकून गेलं होतं. तिनं डोळे उघडले नि त्याला खाली फरशीवर बघून कपाळाला आठी घातली.

"कशाला आलास? आता वर कोन न्हेनार तुला?"

"न्हाय जायचं वर."

नूरजहाँनं साखर-मीठ घालून पाणी केलं. शब्बीर बंकाला टेकून बसला आणि चमच्यानं आईच्या ओठांशी थेंब थेंब पाणी लावत राहिला. उलटी झाली की थांबायचं, तोंड पुसायचं, पुन्हा सुरू करायचं. घाई करायची ताकदच त्याच्यात उरली नव्हती, आणि तेच बरं झालं. बऱ्याच वेळानं पाणी पोटात ठरलं. आईच्या अंगात थोडी धुगधुगी आली तसं त्याच्या तोंडून निघून गेलं, "गफारला आनायचं होतं अम्मा. त्यानं तुमाला उचलून वर वाऱ्याला न्हेलं असतं."

बिस्मिल्लाबी वरच्या पत्र्याकडं बघत म्हणाली, "व्हय, न्हेलं असतं. त्याची बायको बी आली असती संगं. ऊठ म्हातारे, बस म्हातारे, हितं थांब म्हातारे. म्या सामान झाले असते त्यांचं. तुज्यासंगं म्या न्हेनारी हाय."

शब्बीरनं चमचा खाली ठेवला. राग यायला हवा होता, तो आला नाही. त्याच्या नशिबासाठी, त्याच्या पायांसाठी म्हातारी समुद्र ओलांडत नव्हती. तिला स्वतःच्या मर्जीनं चालायचं होतं, एवढंच. कुणाचं तरी आपण देणं लागतो असं जे त्याला घरापासून वाटत आलं होतं, ते त्या बोळातल्या कोंदट हवेत विरलं. तो बंकाच्या खांबाला डोकं टेकून तिथंच झोपला. निघाल्यापासून पहिल्यांदाच गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी सारंग खाली आला. त्याचं तोंड पडलं होतं. लाटेच्या तडाख्यात दोर तुटला होता, तीनचाकी कठड्यावर आपटून तिचं पुढचं चाक पार वाकलं होतं. माझ्या गाठीचा दोष, असं तो म्हणू लागला. शब्बीर म्हणाला की बाबा, तुमचा काही दोष नाही, ती आता गोदामात टाका.

जिद्द्याच्या बंदरात तो पुन्हा खुर्चीत बसून उतरला. मक्केत काब्याभोवती फिरवायला हमाल माणसाला लाकडी बाजेवर बसवून डोक्यावर घेत. शब्बीर वर हेलकावत होता आणि बिस्मिल्लाबी बाजेचा पाय धरून खालून चालत होती, हमालांना ओरडून सांगत होती, हळू, हळू, माझा पोरगा आहे. हमालांना तिची भाषा कळत नव्हती, तरी ते हळू चालले. अराफातच्या मैदानात उन्हानं त्याचं डोकं दुखलं. दुवा मागताना काय मागावं ते त्याला सुचेना, तेव्हा त्यानं आईचा परतीचा प्रवास नीट होऊ दे, एवढंच मागितलं. परतताना त्यानं आधीच खालचा बंक मागून घेतला आणि बहुतेक प्रवास झोपून काढला.

मुरुमात परतल्यावर गळ्यात हार पडले. वीरप्पानं तीनचाकीला नवं चाक बसवलं. कसं झालं हज, असं कुणी विचारलं की शब्बीर म्हणायचा, लई दमलो. लोकांना तो नम्रपणा वाटायचा.

बिस्मिल्लाबीनं बांगड्यांची टोपली सुनेसारख्या असलेल्या शेजारणीला देऊन टाकली. दुपारी ती रेशनच्या रांगेतल्या बायकांत येऊन बसायची आणि समुद्राच्या गोष्टी सांगायची. घराएवढ्या लाटा होत्या, सगळं जहाज ओकत होतं, पण मला काही म्हणजे काही झालं नाही, पोरगाच घाबरून माझ्यापाशी खाली आला, असं ती सांगायची. बायका शब्बीरकडं बघून तोंडाला पदर लावायच्या. तो काट्याचं पारडं थांबायची वाट बघत बसायचा, गहू ओतायचा आणि पुढच्या बाईची पिशवी मागायचा.